आंघोळ नंतर घाला, आधी रोज हात फिरवा

आमच्याकडे जुळे सोलापूरला संध्याकाळी उन्हं उतरली की कुत्री घेऊन माणसं बाहेर पडतात, पामेरियन असतात, लॅब असतात, एखादा जर्मन शेफर्ड, हल्ली हस्कीपण दिसायला लागलेत, आणि रस्त्यावरून उचलून आणून वाढवलेली आपली गावठी पिल्लंही भरपूर. दोन कुत्रीवाली माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, आंघोळ किती दिवसांनी घालता? आणि उत्तरही ठरलेलं, दर रविवारी, नाहीतर ज्या दिवशी नळाला पाणी येईल त्या दिवशी. मीपण आधी हेच करायचो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आंघोळ म्हणजेच कुत्र्याची निगा असं आपल्या डोक्यात बसलंय आणि त्यामुळे खरी काळजी घ्यायची जागा राहून जाते.

माझा पहिला कुत्रा गुंड्या, पांढराशुभ्र पामेरियन. दर रविवारी त्याला आपल्याच अंगाच्या साबणाने घासून काढायचो, पावडर लावायचो, सगळे म्हणायचे किती स्वच्छ ठेवलंय. समोरच्या काकू मात्र एकदा म्हणाल्या होत्या, "किती घासलालाव ओ त्याला, कातडं सोलून निघंल की." तेव्हा मी लक्ष दिलं नाही. एप्रिलमध्ये गुंड्याने जेवण सोडलं, दोन दिवस नुसता कोपऱ्यात पडून. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, गुलाबी असायला पाहिजेत त्या फिकट पडलेल्या. मग त्यांनी पुढच्या पायाची बोटं फाकवली आणि आतल्या बाजूला चार गोचीड फुगून बसलेले. कानाच्या मागच्या घडीत अजून दोन. रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, २८ दिवस गोळ्या चालल्या. आठवड्याला आंघोळ घालणाऱ्या मला बोटांच्या बेचक्यातले गोचीड दिसले नव्हते, कारण मी फेस करत होतो, बघत नव्हतो. तो वाचला. तेव्हापासून आमच्या घरी आंघोळ महिन्यातून एकदा आणि हात फिरवणं रोज.

आता आंघोळ कमी का, ते समजून घेऊ. माणसाच्या कातडीचा सगळ्यात वरचा जो पापुद्रा असतो तो साधारण १० ते १५ थरांचा असतो, कुत्र्याचा फक्त ३ ते ५ थरांचा. म्हणजे केसांमुळे आपल्याला वाटतं की जनावराचं कातडं जाड असतं, पण केस बाजूला केले की खाली आपल्यापेक्षा नाजूक कातडी आहे. दुसरी गोष्ट पीएचची, म्हणजे आम्लतेच्या मापाची. आपली कातडी थोडी आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास, कुत्र्याची जवळपास सातच्या आजूबाजूला. आपला शाम्पू आपल्या हिशोबाने बनवलेला आहे आणि अंगाचा किंवा कपड्याचा साबण तर त्याहून कडक. कुत्र्याच्या कातडीतून जे तेल सुटतं ते केसांच्या मुळाशी पसरून राहतं, तेच त्याचं रेनकोट आणि तेच मलम. ते दर आठवड्याला साबणाने धुवून काढलं की कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते, खाजवून जखम होते, जखमेत बुरशी नाहीतर जंतू, आणि मग वास येतो. वास आला म्हणून आपण परत आंघोळ घालतो. हे चक्र मी स्वतः वर्षभर फिरवलंय.

कातडीचा त्रास नसलेल्या घरातल्या कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते, कुत्र्यांसाठीचाच शाम्पू वापरून. मधे चिखलात लोळला तर नुसत्या पाण्याने पाय आणि पोट धुवा. डॉक्टरांनी बुरशीसाठी औषधी शाम्पू दिला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आठवड्यातून दोनदाही सांगतात आणि तो अंगावर दहा मिनिटं ठेवायचा असतो, लगेच धुतला तर पैसे पाण्यात.

सोलापुरात अजून एक भानगड आहे ती बोअरच्या पाण्याची. क्षार इतके असतात की बादलीला पांढरा थर बसतो, तसल्या पाण्यात शाम्पू नीट निघत नाही आणि राहिलेला शाम्पू हे खाजेचं मोठं कारण. शक्य असेल तर शेवटचे दोन तांबे तरी नळाचं पाणी घ्या, आणि फेस गेल्यावरही अजून तेवढंच पाणी ओता, विशेषतः काखेत, पोटाखाली आणि शेपटीच्या बुडाशी. शाम्पू थेट अंगावर न ओतता मगभर पाण्यात कालवून घेतला तर सारखा लागतो आणि धुतलाही पटकन जातो. पाणी कोमट, तोंडावर ओतायचं नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. पुसायला सोलापुरी टॉवेल घरोघरी आहेच, पाणी शोषायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त लांब केसांचं कुत्रं असेल तर खसाखसा घासू नका, टॉवेल गुंडाळून दाबायचं, घासलं की केसांच्या गाठी होतात. आणि मुळापर्यंत कोरडा झालाच पाहिजे, वरून कोरडा दिसणारा पामेरियन आत तासभर ओला असतो, पावसाळ्यात बुरशी तिथूनच सुरू होते.

विंचरायचं मात्र आंघोळीच्या आधी. लोक नंतर विंचरतात आणि मग जटा निघत नाहीत म्हणून कात्री लावतात. केसाची गाठ पाणी लागलं की आवळते, लोकरीच्या स्वेटरसारखी. आधी कोरड्यावर विंचरा, गाठ असेल तर बोटांनी टोकाकडून सोडवत मुळाकडे या, आणि कात्री लावायची वेळ आलीच तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा घालून मगच कापा, कारण गाठीबरोबर कातडी ओढून वर येते आणि कात्रीत सापडते.

आता हात फिरवणं म्हणजे काय. लाड करणं नाही, तपासणं. संध्याकाळी फिरून आलं की दहा मिनिटं, उजेडात बसून. मी डोक्यापासून सुरू करतो, कानाची पाळी उलटी करून आत बघायचं, वास घ्यायचा, मग पट्टा काढून मानेखाली, मग पुढच्या पायांच्या काखा, छाती, पोट, जांघा, शेपटीखाली, आणि शेवटी चारही पाय, प्रत्येक बोटाचं बेचकं फाकवून. बोटांची टोकं केसांच्या उलट दिशेने न्यायची. गोचीड लहान असेल तर तिळाएवढा, मोठा झाला की मसुराएवढा, आणि मादी रक्त पिऊन फुगली की करडी, गुळगुळीत, बोराच्या बीएवढी लागते. एक गोष्ट जपून, पोटावर दोन्ही बाजूंना ओळीने सड असतात, नर कुत्र्यालासुद्धा. ते गोचीड समजून ओढणारे लोक मी पाहिलेत, बिचारं कळवळतं. ओळीत आणि जोडीने असेल तर सड, कुठेही एकटं असेल आणि बाजूचे केस सारले की बुडाशी बारीक पाय दिसत असतील तर गोचीड.

गोचीड काढायला साधा चिमटा, तोही कातडीच्या अगदी लगत धरायचा, गोचिडाच्या पोटाला नाही, आणि सरळ सावकाश ओढायचा. रॉकेल, तेल, पेटती अगरबत्ती असलं काहीही लावू नका. त्याने गोचीड सुटायच्या आधी पोटातलं सगळं कुत्र्याच्या अंगात ओकतो, म्हणजे जो ताप टाळायचा तोच आपण आत ढकलतो. काढलेला गोचीड नखाने फोडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, आणि हात साबणाने धुवायचे.

पण अंगावरचे गोचीड काढून काम संपत नाही, आणि इथेच सगळे फसतात. आपल्याकडे कुत्र्यांवर सापडतो तो मुख्यतः तपकिरी गोचीड, आणि हा घरात राहणारा किडा आहे. अंडं, मग सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांचं मधलं रूप, मग मोठा, असे त्याचे टप्पे. प्रत्येक टप्प्याला तो कुत्र्यावर चढतो, रक्त पितो, उतरतो, फटीत जाऊन कात टाकतो आणि परत चढतो. मादी शेवटी उतरून भिंतीच्या भेगेत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे आयुष्यातला बहुतेक काळ तो कुत्र्यावर नसतोच, तुमच्या घरात असतो. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी, तिच्या सांध्यातला सिमेंट निघालेला, गेटजवळ कुत्र्याचं पोतं, मागे दगडी भिंत, गोचिडाला याच्यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. भिंतीवर वर चढत जाणारे बारीक ठिपके दिसले तर समजा अंडी फुटलीत. फरशीचे सांधे भरून घ्या, पोतं फेकून द्या आणि त्याऐवजी धुता येणारी जुनी चादर घाला, दर आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका. उन्हाची आपल्याला कमी नाही. खूपच झाले असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण कुत्रं आणि मुलं दिवसभर दुसरीकडे ठेवून.

औषधाचं सांगतो. जनावरांच्या गोचिडाचं औषध गाईम्हशींसाठी दुकानात मिळतं, तेच अंदाजाने बादलीत ओतून कुत्र्याला घालणारे खूप आहेत. कृपा करून करू नका. मापात चूक झाली की कुत्रं लाळ गाळतं, थरथरतं, झटके येतात, आणि आंघोळीनंतर अंग चाटतं म्हणजे तेच पोटात जातं. पिल्लाचं तर विचारूच नका. आता कुत्र्यांसाठी महिना किंवा तीन महिने चालणाऱ्या गोळ्या आहेत, मानेवर टाकायचे थेंब आहेत, वजनावर डोस ठरतो, डॉक्टर वजन करूनच देतात. थेंब टाकणार असाल तर दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नाही. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर गोळीच्या आधी ते आवर्जून सांगा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलेलं औषध मांजराला मारतं.

गोचीड तापाची लक्षणं मात्र पाठ असू द्या. जेवण सोडणं, सुस्ती, ताप, हिरड्या फिकट, कधी नाकातून रक्त, कधी पोटावर लाल-जांभळे ठिपके, लघवी गडद. गोचीड दिसले नाहीत म्हणून ताप नाही असं होत नाही, गोचीड रक्त पिऊन कधीच उतरून गेलेला असतो. घरी उरलेल्या माणसांच्या तापाच्या गोळ्या देऊ नका, आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते. हिरड्या फिकट पडण्याचं अजून एक कारण आपल्या जेवणात आहे, लसूण आणि कांदा, दोन्हीने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. आपल्याकडे कडक भाकरीचा तुकडा टाकताना त्याला शेंगाचटणी लागलेली असते आणि त्या चटणीत लसूण असतोच. भाकरी द्यायची तर कोरडी द्या.

उन्हाळ्याचं. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर असतो, आणि मार्च संपला की लोक कुत्र्याचे केस भादरून आणतात, बिचाऱ्याला गरम होतंय म्हणून. भावना चांगली आहे पण पामेरियन, लॅब, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर यांच्या अंगावर दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. जुन्या वाड्याच्या जाड भिंती आठवा, बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि आत माजघर गार. तसं काम हे केस करतात. भादरले की ऊन थेट कातडीवर, कातडी भाजते, आणि पामेरियनचे केस तर कधीकधी परत नीट येतच नाहीत, पाठीवर टक्कल राहतं. गरम होतं ते आत सुटून अडकलेल्या लोकरीमुळे, हवा खेळत नाही म्हणून. ती लोकर विंचरून काढा. आमच्याकडे मार्चमध्ये रोज विंचरतो आणि रोज मूठभर निघते, पंधरा दिवसांनी कुत्रं अर्धं दिसतं. पोटाखालचे, शेपटीखालचे आणि तळव्यांच्या मधले केस बारीक करायला हरकत नाही. शिह त्झू, पूडल यांचं वेगळं, त्यांचे केस वाढतच राहतात, त्यांना महिना-दीड महिन्याने कटिंग लागतंच. आणि आपल्या भागात कारवानी, मुधोळ ही आखूड केसांची शिकारी कुत्री पाळणारेही पुष्कळ आहेत, त्यांना तर कंगवासुद्धा नको, रबरी हातमोजा फिरवला की झालं, फक्त अंगावर मांस कमी असल्यामुळे फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, तिथे जाड गोधडी द्या.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा तळव्यांना येतो, बाकी सगळा गारवा जीभ बाहेर काढून धापा टाकण्यातून. हवाच ४२ अंश असेल तर धापा टाकूनही अंग निवत नाही. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ. जोरात धापा, घट्ट चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चालताना तोल जाणं दिसलं की आधी सावलीत घेऊन अंगावर साधं नळाचं पाणी ओतत राहा, फॅन लावा, आणि मग दवाखान्यात पळा, उलट क्रमाने नाही. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन घोंगडीसारखा होतो. फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री, आणि रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजणार. चपट्या नाकाच्या पगला तर दुपारी अंगणातसुद्धा सोडू नका.

कानाचा मार्ग कुत्र्यात सरळ नसतो, आधी खाली आणि मग आत वळतो. त्यामुळे पाणी गेलं की अडकतं, आणि काडीने साफ करायला गेलं की मळ वळणापाशी ठासला जातो. आंघोळीला कानात कापसाचे बोळे घाला, नंतर आठवणीने काढा, आणि बोट जाईल तेवढंच कापसाने पुसा. आंबूस वास, काळपट मळ, सारखी मान झटकणं असेल तर डॉक्टर. लॅब आणि कॉकरचे कान खाली पडलेले, हवा लागत नाही, त्यांचं जास्त बघावं लागतं.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की वाढलीत. नखाच्या आत एक रक्तवाहिनी असते, पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून काळं नख अगदी थोडं थोडं कापत जायचं, कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा, थांबतं. पायाच्या आतल्या बाजूला वर जो अंगठा असतो त्याचं नख जमिनीला लागत नाही, झिजत नाही, गोल वळून मांसात घुसतं. सगळ्यात जास्त विसरलं जाणारं नख हेच. दात कुत्र्याच्याच पेस्टने घासा, आपली नको, तिच्यातला फ्लोराइड तो गिळतो आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं जे कुत्र्याला विष आहे. बूड जमिनीवर घासत असेल तर जंत असतील किंवा गुदग्रंथी भरल्या असतील, त्या डॉक्टरांकडून रिकाम्या करून घ्या.

पिल्लाचं शेवटी सांगतोय, पण सुरुवात खरं तर तिथूनच करायला हवी. आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू आईपासून तोडू नका. आणल्या आणल्या आंघोळ घालू नका, घाण वाटलं तर कोमट फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा, एवढ्याशा जिवाचं अंग पटकन गार पडतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत चालते, रेबीजची साधारण तीन महिन्यांना आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या तारखेला, बहुतेक दरवर्षी. ती तारीख कॅलेंडरवर लिहा. लसी पूर्ण व्हायच्या आधी मैदानावर, रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडू नका, पार्वो हा पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा आजार फार वाईट.

पण घरात मात्र याच वयात हाताची सवय लावायची. तीन ते साधारण चौदा आठवडे या काळात पिल्लू जे अनुभवतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. रोज एक पाय हातात घ्या, बोट दाबा, सोडा, खाऊ द्या. कानात बघा, खाऊ द्या. नखाची कात्री नुसती जवळ वाजवा. ड्रायर लांबून चालू करा. कुठेही जबरदस्ती नाही, ओढायला लागलं तर सोडून द्या आणि उद्या परत. गुंड्याला हे मी शिकवलं नव्हतं, म्हणून त्याची नखं कापायला तीन माणसं लागायची. आता आमच्याकडे राणी आहे, बाजारात पोत्याखाली सापडलेली गावठी, साडेचार महिन्यांची, ती नखं कापताना मांडीवर आडवी पडून डोळे मिटते.

परवा तिचा टॉवेल झटकताना फरशीवर टिक असा आवाज झाला, बघतो तर तांदळाच्या कणीएवढा दात. बायको घाबरली, म्हटलं दुधाचा आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. तेवढ्या दिवसांत चप्पल, सोफ्याचा कोपरा, चार्जर सगळं चावलं जातं, ओला टॉवेल पिळून फ्रीजमध्ये गार करून चावायला दिला की हिरड्यांना बरं वाटतं. दात पडायच्या जागी नवा शेजारून येतोय आणि जुना तसाच आहे असं सातव्या महिन्यानंतर दिसलं, विशेषतः सुळ्यांच्या जागी, तर तो काढून घ्यावा लागतो. राणीचा खालचा डावा सुळा हलतोय, रोज संध्याकाळी हात फिरवताना तेवढा बघून ठेवतो.